लॅम्प टेस्ट

परळीच्या थर्मल कॉलनीत
बाबांची रात्रपाळी म्हणजे एक भिंत होती
बारक्या बारक्या दिव्यांची.
पलीकडे बॉयलर. त्याच्या आत कुणी पाहिलं नव्हतं;
पाहणारा सांगायला उरला नसता.
बाबा दिव्यांकडे बघत,
दर तासाला वहीत आकडे लिहीत,
सकाळी राखेचे बूट दाराबाहेर काढत.

आज ते माझ्या अंधारखोलीत बसलेत,
औरंगाबादच्या लेण्यांच्या डोंगराखाली,
मुजीबने दिलेल्या स्टुलावर, एसीच्या भीतीने मफलर गुंडाळून.
मोतीबिंदू काढून महिना झालाय.
नव्या डोळ्याला निळं जरा जास्तच निळं दिसतं, म्हणतात.
"काय करायलीस गं रातच्याला इथं?"

पडद्यावर सतरा पेशी.
कधीकाळी कुणाच्या तरी मूत्रपिंडातल्या,
आता बशीत वाढलेल्या, गाव विसरलेल्या.
"जित्त्या हायेत?"
हो. म्हणून तर.

आत कायनेज नावाचं एक प्रथिन असतं, बाबा.
बाहेरून निरोप आला की जागं होतं,
समोरच्याला शिक्का मारतं,
तो पुढच्याला उठवतो,
आणि बाहेरून दिसत काहीच नाही.
पेशी मारून, वाटून मोजलं
तर कळतं किती शिक्के.
कधी, कुठल्या कोपऱ्यात, ते वाटणात जातं.
म्हणून आम्ही आत दिवा सोडतो.
दोन टोकांचा: एक निळं, एक पिवळं,
मध्ये लवचीक सांधा.
शिक्का बसला की सांधा वाकतो,
टोकं इतकी जवळ येतात
की निळं आपला उजेड पिवळ्याला देऊन टाकतं.
मी तेवढंच मोजते. किती दिला.

"उजेड आणला कुठनं?"
समुद्रातून. जेलिफिशचा.
ते गप्प झाले. परळीहून समुद्र किती लांब
याचा हिशोब चालला असावा.

मग पॅनल ऑपरेटर सोनकांबळे यांनी विचारलं,
जे माझ्या व्हायव्हाला कुणी विचारलं नाही:
"दिवा बसवल्यानं आतलं काम अडत नाही का?"

अडतं.
दिवे जास्त झाले की कायनेज दिव्यांनाच शिक्के मारत बसतं,
खरी कामं खोळंबतात.
माझा अख्खा उन्हाळा त्यात गेला.
शिवाय लेझर. जितकं बघावं तितका दिवा फिका पडतो.
म्हणून अर्ध्या मिनिटाला एकच फोटो.
मधल्या वेळात न बघणं, हेही कामच.

"आन् ही?"
त्यांचं बोट डावीकडे, खाली.
तासभर निळी. जराही बदललेली नाही.
तिथे निरोप पोचला नाही, मी म्हटलं.
"का बल्बच गेलाय?"

अठ्ठ्याऐंशी साली, पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले,
एक लाल दिवा सबंध पाळीत लागला नाही.
मी वहीत लिवलं, सर्व ठीक.
पुढचं ते सांगत नाहीत.
पुढचं आईकडून थोडं ऐकलंय:
गित्तेकाका फिटर होते, आणि मग नव्हते.
"तवापासून पाळीवर चढलं की आधी बटण.
लॅम्प टेस्ट. सगळे दिवे एकदा लावून बघायचे.
तुझं बटण कुठंय?"

शेवटी असतं, बाबा. दहा मायक्रोलिटर,
एका झाडाच्या मुळातलं औषध.
निरोपाची वाट न बघता सगळ्यांना उठवतं.
"आत्ता दाब."
प्रयोगाची चाळीस मिनिटं शिल्लक होती.
दाबलं.

दोन फोटो, काही नाही.
तिसऱ्याला काठाकाठाने पिवळं चढायला लागलं,
हळद लागावी तसं, एकीला, मग तिघींना,
मग मोजायचं राहूनच गेलं.
खालची डावी निळीच.

मी लिहिलं: पेशी सतरा, धरल्या सोळा.
बाबांनी पेन मागून घेतलं,
वेळ टाकली, दोन वाजून दहा,
आणि त्या एकीसमोर
लॉगबुकच्या जुन्या तिरक्या अक्षरात: माहीत नाही.
सही करू का, म्हणाले.

तेवढ्यात मुजीब चहा घेऊन आला,
दार सताड उघडं,
कॉरिडॉरची ट्यूबलाइट सगळी आत,
आणि तो फोटो गेला.